दाम दिसतो, काम दिसत नाही

शेतकऱ्याने जमीन नांगरू नये म्हणून सरकारने त्याला पैसे द्यावेत, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला थट्टेची वाटते. कापूस पिकविला म्हणजे बाजार त्याचे पैसे देतो, हे आपण समजू शकतो. परंतु उतारावरच्या शेतात नुसते गवत वाढू द्यावे, ओढ्याच्या काठची पट्टी नांगराखाली आणू नये, गोठ्यातील शेणमूत नदीत जाऊ नये म्हणून हौद बांधावा, आणि या सर्वांसाठी सरकारी तिजोरीतून दरसाल पैसे मिळावेत, हा व्यवहार आपल्या नित्याच्या परिचयाचा नाही. अमेरिकेत तो सुमारे नव्वद वर्षे चालू आहे. युरोपातही आता तो मोठ्या प्रमाणावर चालतो. हा पैसा कोणाला मिळतो, कशासाठी मिळतो, आणि ठरलेले काम झाले की नाही हे ज्याच्या करातून तो जातो त्या नागरिकाला कळावे की कळू नये, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी शेतीशास्त्राचा पंडित नव्हे, की कायद्याचा पदवीधरही नव्हे. माझे शिक्षण कारखान्यांच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तरी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो. कारण कामगार संघटनेच्या कामात माझे निम्मे आयुष्य दोन वह्यांमध्ये गेले. एक हजेरीपट, म्हणजे मस्टर. आणि दुसरी मोजमाप वही. हजेरीपटावर नाव आणि दाम असतो. मोजमाप वहीत काम असते: किती लांबी, किती रुंदी, किती खोली. एका कंत्राटदाराच्या हजेरीपटावर सारे कसे ठाकठीक होते. नावे होती, अंगठे होते, बेरजा जुळत होत्या. मोजमाप वही शेजारी ठेवून ताडून पाहिली, तेव्हा कळले की इतकी माणसे खरोखर कामावर असती तर तो चर दुप्पट लांब झाला असता. एका वहीवरून ते कधीच कळले नसते. ही दोन वह्यांची गोष्ट आपण लक्षात ठेवावी. अमेरिकेतील सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

धुळीचे दिवस

प्रथम, असे पैसे द्यावयाचे कारणच काय? पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला. तेव्हा कान्सास, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोराडो या भागातील शेकडो वर्षांचे गवताळ माळ लोकांनी नांगराने आणि पुढे ट्रॅक्टरने फोडून काढले. नंतर भाव कोसळले, आणि १९३० नंतर अवर्षणाची वर्षे लागोपाठ आली. माती धरून ठेवणारे गवताचे मूळ राहिले नव्हते. वारा सुटला की शेतेच्या शेते हवेत उडू लागली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार त्या प्रदेशात 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. दिवसाढवळ्या हाताला हात दिसेना. लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन परागंदा झाली.

ह्यू हॅमंड बेनेट नावाचा एक मृदाशास्त्रज्ञ बरीच वर्षे हेच संकट येणार म्हणून कंठशोष करीत होता. सांगतात की, काँग्रेसच्या समितीपुढे तो साक्ष देत असताना पश्चिमेकडून आलेल्या धुळीने वॉशिंग्टनचे आकाश काळवंडले, आणि त्याला अधिक पुरावा द्यावा लागला नाही. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला आणि बेनेट नव्या मृदसंधारण खात्याचा प्रमुख झाला.

या कायद्यामागचे तत्त्व न्याय्य आहे, हे मी आरंभीच सांगून टाकतो. माती धरून ठेवण्याचा खर्च एकाच्या शेतात होतो आणि लाभ अनेकांच्या घरी जातो. वरच्या शेतकऱ्याने ओढ्याकाठी गवताची पट्टी राखली तर त्याचे चार पोती धान्य कमी होते; पण खालच्या गावाची विहीर, त्याखालचे धरण आणि त्याखालच्या शहराचा नळ, सारे वाचतात. सगळ्यांच्या लाभासाठी एकाने नुकसान सोसावयाचे, तर त्याची भरपाई सगळ्यांनी करावी, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. म्हणून माझी तक्रार अनुदानाविरुद्ध नाही. सगळ्यांचा पैसा जेथे लागतो, तेथे सगळ्यांना वही पाहावयास मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

चेक कोणाच्या हाती पडला?

मात्र पैशाची ही वाट प्रथम बांधली गेली ती मातीसाठी नव्हे, भावासाठी. १९३३ साली अमेरिकन सरकारने शेतमालाचे भाव सावरावे म्हणून पीक कमी करणाऱ्याला पैसे देण्याचा कायदा केला. त्या वर्षी दक्षिणेत सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. करार झाला तो सरकार आणि जमीनमालक यांच्यात. पण त्या जमिनीवर राबणारा बहुधा मालक नव्हता. तो वाटेकरी होता, आणि त्या वाटेकऱ्यांत काळे आणि गोरे दोन्ही होते. कराराप्रमाणे वाटेकऱ्यालाही त्याचा हिस्सा मिळावयाचा होता, आणि शक्य तोवर त्याला जमिनीवरून काढावयाचे नव्हते. प्रत्यक्षात पैसा मालकाच्या हातून जावयाचा. किती आला आणि किती पुढे गेला हे वाटेकऱ्याला कळावयास मार्ग नव्हता. तक्रार करावी तर ती ऐकणाऱ्या स्थानिक समितीत बहुधा जमीनमालकच बसलेले. एकरांची संख्या कमी झाली तशी माणसांची गरजही कमी झाली, आणि हजारो कुटुंबे झोपड्यांतून बाहेर काढली गेली.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा या गावाजवळ अकरा गोरे आणि सात काळे असे अठरा जण एकत्र बसले आणि त्यांनी दक्षिणी कुळांची संघटना स्थापन केली. त्या काळी त्या मुलखात काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसणे हेच धाडस होते. त्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी शेतीखात्याच्या त्या विभागाने जानेवारी १९३५ मध्ये मेरी कॉनर मायर्स या वकीलबाईंना आर्कान्सात पाठविले. बाईंनी कुळांच्या जबान्या घेतल्या, अहवाल लिहिला आणि वरिष्ठांच्या हाती दिला. तो अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही. फेब्रुवारीत त्याच खात्यातील, कुळांना जमिनीवरून काढता येणार नाही असा कराराचा अर्थ लावणाऱ्या जेरोम फ्रँक आणि इतर वकिलांना कामावरून दूर करण्यात आले.

पुढे जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा मुख्य आधार घटनाबाह्य ठरविला. तेव्हा सरकारने त्याच वर्षी नवा कायदा केला आणि पैसे देण्याचे कारण बदलले: माती झिजविणारी पिके कमी करा, माती राखणारी लावा, आणि त्यासाठी पैसे घ्या. कारण बदलले, तरी पैसा मालकाच्या दारातून जावयाची वाट तीच राहिली. संधारणाचे पैसे आणि झाकलेली वही यांची गाठ अशी फार जुनी आहे, आणि त्या झाकलेल्या वहीचा पहिला तोटा सर्वांत खालच्या माणसाला झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पडजमिनीचा खंड

आजची पद्धत कशी चालते तेही थोडक्यात पाहू. १९५६ साली 'सॉइल बँक', म्हणजे मातीची पेढी, निघाली. शेतकऱ्याने काही वर्षे जमीन पड ठेवावयाची आणि सरकारकडून खंड घ्यावयाचा. पुष्कळांनी सबंध शेतेच पड टाकली. तेव्हा खेड्यातील बियाण्याचे दुकानदार आणि शेतमजूर दोघेही ओरडू लागले, कारण पडीच्या जमिनीला बियाणेही लागत नाही आणि मजूरही लागत नाही. खंड मालकाला मिळाला. मजुराला बुडालेल्या रोजाची भरपाई कोणी दिली नाही.

त्या अनुभवानंतर १९८५ साली 'काँझर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम' आला. धुपेची जमीन दहा ते पंधरा वर्षांसाठी पिकांतून काढावयाची, तिच्यावर गवत किंवा झाडे लावावयाची; लावणीच्या खर्चाचा साधारण निम्मा वाटा सरकारने उचलावयाचा आणि त्या भागातील प्रचलित खंडाच्या मानाने दर एकरी भाडे दरसाल द्यावयाचे. एका जिल्ह्यातील पिकाऊ जमिनीचा साधारण चौथा हिस्साच यात घेता येतो आणि एका व्यक्तीला वर्षाला ५० हजार डॉलरांपर्यंतच भाडे मिळते. या मर्यादा जुन्या अनुभवातून आल्या. २००७ साली या योजनेखाली ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. पुढे ती कमी होत गेली. गवत वाढले, पाखरे परतली, धूप घटली, यात शंका नाही.

दुसरी योजना १९९६ ची. तिच्यात जमीन पड ठेवावयाची नसते. चालू शेतीत सुधारणा करावयाची असते. बांध, ठिबक, शेणाचे हौद, कुंपण अशा कामांच्या खर्चाचा पाऊण हिस्सापर्यंत सरकार देते. आरंभी फार मोठ्या जनावरांच्या कारखान्यांना शेणाच्या हौदांसाठी हा पैसा मिळत नसे. २००२ च्या कायद्याने ती अट काढून टाकली आणि योजनेचा ६० टक्के पैसा पशुपालनाकडे वळविला. हजारो डुकरे एका छपराखाली कोंबणाऱ्या धंद्याचा घाण निस्तरण्याचा खर्च लोकांनी का द्यावा, असे एक पक्ष विचारतो. तो दिला नाही तर घाण नदीत जाईल, असे दुसरा पक्ष सांगतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण हा वाद निकालात काढावयाचा तर कोणत्या ठिकाणी, कोणत्या कामाला, किती पैसा गेला हे समोर असले पाहिजे.

पहिली वही उघडली

४ जुलै १९६६ रोजी अमेरिकेत माहिती स्वातंत्र्याचा कायदा झाला. सरकारी कागद मागण्याचा हक्क नागरिकाला मिळाला. मात्र एखाद्याच्या खासगी जीवनात विनाकारण ढवळाढवळ होत असेल तर कागद नाकारण्याची सवलत सरकारला राहिली. शेतीखाते बराच काळ या सवलतीचा आधार घेऊन अनुदान घेणाऱ्यांची नावे देत नसे. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने दावा लावला, आणि १९९६ साली न्यायालयाने कापूस-अनुदानाच्या बाबतीत निकाल दिला की सरकारी पैसा घेणाऱ्याचे नाव हे लपविण्यासारखे गुपित नव्हे.

त्यानंतर पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका संस्थेने, 'एन्व्हायर्न्मेंटल वर्किंग ग्रुप'ने, खात्याकडून मिळविलेल्या कोट्यवधी नोंदी एकत्र करून २००१ च्या अखेरीस इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्या गावाचे नाव घालावे आणि कोणाला किती मिळाले ते पाहावे. लोकांची अक्षरशः झुंबड उडाली. छोट्या शेतकऱ्याच्या नावाने चाललेल्या योजनांचा मोठा वाटा मोठ्या मालकांकडे जातो, हे आकड्यांनिशी दिसले. यादीत नामांकित खेळाडू निघाले, बँकर निघाले, खुद्द काँग्रेसचे सभासद निघाले. यांतील बहुतेकांनी काही बेकायदा केले होते असे नव्हे. कायदाच तसा होता. पण कायदा तसा आहे, हे यादी उघडेपर्यंत लोकांना ठाऊक नव्हते. २००२ च्या शेतीकायद्याच्या चर्चेत या यादीचा वारंवार उल्लेख झाला.

यादी उघडली की तपासणीस कशी धार येते, याचे आणखी एक उदाहरण. जुलै २००७ मध्ये काँग्रेसच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने, म्हणजे तेथील 'गाओ'ने, अहवाल दिला की १९९९ ते २००५ या सात वर्षांत शेतीखात्याने १ लाख ७० हजारांहून अधिक मृत व्यक्तींच्या नावे ११० कोटी डॉलर दिले. मृताच्या इस्टेटीला काही काळ पैसे घेण्याची कायद्यात सोय आहे. त्यामुळे ही सगळी रक्कम लबाडीचीच असे म्हणता येणार नाही. पण त्यातील सुमारे ४० टक्के रक्कम तीन किंवा अधिक वर्षांपूर्वी वारलेल्यांच्या नावे गेली होती, आणि ती देणे योग्य आहे की नाही याची खात्री खात्याने पुरेशी करून घेतली नव्हती. मेलेल्या माणसाचे नाव मस्टरवर चालू राहते, ही गोष्ट आपल्याकडच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी वही मिटली

पहिली वही अशी उघडत असतानाच दुसरी मिटत होती. २००२ च्याच शेतीकायद्यात एक कलम घातले गेले: संधारणाच्या योजनांसाठी शेतकरी जी माहिती खात्याला देतो ती गोपनीय, रक्कम, नाव आणि पत्ता तेवढा उघड.

मग १५ फेब्रुवारी २००८ रोजी वॉशिंग्टनच्या वरिष्ठ न्यायालयाने एका खटल्यात वेगळा निकाल दिला. एका माहिती पुरविणाऱ्या कंपनीने शेतांचे नकाशे आणि अटींच्या पालनाच्या नोंदी मागितल्या होत्या. न्यायालय म्हणाले की शेतकऱ्याचा काही खासगी हितसंबंध यात आहे खरा. परंतु खाते इतका मोठा सार्वजनिक पैसा वाटते, तर ते आपले काम नीट करते की नाही, लबाडी पकडते की नाही हे लोकांना पाहता आले पाहिजे, आणि हे हित अधिक वजनाचे आहे.

हा उजेड फार दिवस टिकला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मंजूर झालेल्या नव्या शेतीकायद्यात कलम १६१९ आले. त्याचा आशय असा: योजनेत भाग घेण्यासाठी शेतकऱ्याने किंवा मालकाने आपल्या शेतीविषयी, संधारणाच्या कामांविषयी किंवा जमिनीविषयी दिलेली माहिती खात्याने उघड करू नये, जमिनीचे नकाशेही उघड करू नयेत. अपवाद थोडे: मालकाची संमती असेल तर; नावे न देता केलेल्या बेरजा; खात्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांना अटी घालून; आणि पैशाची माहिती, म्हणजे रक्कम, नाव आणि पत्ता.

याचा अर्थ काय झाला? अमुक गृहस्थाला अमुक इतके डॉलर मिळाले, हे आज आयोवातील कोणीही नागरिक पाहू शकतो. ते कोणत्या शेतासाठी मिळाले, तेथे गवत लावावयाचे ठरले होते की हौद बांधावयाचा ठरला होता, तो बांधला गेला की नाही, गवताची पट्टी तिसऱ्या वर्षी नांगरली गेली की काय, हे तो पाहू शकत नाही. दाम दिसतो, काम दिसत नाही. हजेरीपट भिंतीवर लावला आणि मोजमाप वही कपाटात कुलपात ठेवली.

शहरात राहणाऱ्याला याचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी आयोवा राज्याची राजधानी डी मॉइन हिच्याकडे पाहावे. हे शहर पिण्याचे पाणी रॅकून आणि डी मॉइन या नद्यांतून घेते. वरच्या अंगाला मैलोगणती मका आणि सोयाबीन. खताचा नायट्रेट जमिनीखालच्या नळ्यांतून नदीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रोजनच्या हिशेबाने लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये असा तेथील नियम आहे. तान्ह्या मुलांना त्याचा विशेष धोका. शहराच्या पाणीसंस्थेला नायट्रेट काढण्याचे यंत्रालय बांधावे लागले आणि त्याचा खर्च नळधारकांवर पडला. २०१५ साली या संस्थेने वरच्या तीन जिल्ह्यांतील पाणी-निचरा मंडळांवर फिर्याद केली. २०१७ साली ती फेटाळली गेली. शेतकऱ्यांकडून संधारणाची कामे करून घेण्याचा तेथील मुख्य मार्ग सक्तीचा नाही, ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक मार्ग म्हणजे अनुदान. तेव्हा शहरवासीय दोनदा पैसे देतो: एकदा करातून, नायट्रेट नदीत येऊ नये म्हणून, आणि दुसऱ्यांदा पाणीपट्टीतून, आलेला नायट्रेट काढावा म्हणून. पहिल्या पैशाने कोणत्या ओढ्यावर काय काम झाले, हे शेतवार पाहण्याचा हक्क त्याला नाही.

शेतकऱ्याची बाजू

आता दुसरी बाजू. ती न ऐकता निकाल देणे हे कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला शोभणार नाही. कारखानदाराचे घर एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे असतो. शेतकऱ्याचे घर, धंदा आणि मुलेबाळे एकाच वहिवाटीत असतात. त्याच्या शेताचा नकाशा, विहिरीची जागा, पिकाचा तपशील गावभर झाला तर त्याला भय वाटणे साहजिक आहे. बियाण्याच्या आणि खताच्या बलाढ्य कंपन्या ती माहिती उचलून आपल्या फायद्यासाठी वापरतील, हेही खरे. शिवाय, सल्ला मागावयास गेले की सारे उघड होते असे झाले, तर तो सल्ला मागावयासच जाणार नाही, आणि नुकसान मातीचे होईल.

या भयाला उत्तर कसे द्यावे हे युरोपने काही अंशी दाखविले आहे. डेन्मार्कने २००४ साली याद्या खुल्या केल्या. ब्रिटनमध्ये २००५ साली माहितीचा कायदा अमलात येताच याद्या बाहेर आल्या, तेव्हा मोठमोठ्या सरदारांबरोबर खुद्द राणीच्या सँड्रिंगहॅम इस्टेटीचेही नाव त्यात निघाले. पुढे साऱ्या युरोपीय संघाने नावे जाहीर करण्याचा नियम केला. त्याविरुद्ध जर्मनीच्या हेसे प्रांतातील एक शेतकरी आणि एक शेतीभागीदारी न्यायालयात गेली. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की पारदर्शकता हा उद्देश योग्यच आहे. पण रक्कम लहान की मोठी, मदत एकदाची की नेहमीची, कोणत्या प्रकारची, असा काहीही भेद न करता प्रत्येक माणसाचे नाव सरसकट टांगणे हे प्रमाणाबाहेर आहे. तेवढ्यापुरता नियम रद्द झाला.

पुष्कळांना वाटले की आता झाकण पडले. पण २०१३ साली नवा नियम झाला तो अधिक शहाणपणाचा. साधारणतः वर्षाला १,२५० युरोपर्यंत घेणाऱ्या लहानाचे नाव गाळावे. त्यावरील सर्वांचे नाव आणि रक्कम द्यावी. आणि पैसा कोणत्या उपाययोजनेखाली दिला व तिचा उद्देश काय, हेही त्यासमोर लिहावे. दामाशेजारी कामाचा निदान मथळा तरी आला.

कामाचे मोजमाप केले तर काय दिसते, तेही ऐका. २०१३ च्या सुधारणेत युरोपने शेतकऱ्यांच्या थेट अनुदानाचा ३० टक्के भाग पर्यावरणाच्या अटींना बांधला. २०१७ साली युरोपीय हिशेब-तपासनिसांनी जाहीर केले की या अटींमुळे शेतीची रीत बदलली ती युरोपच्या सुमारे ५ टक्के शेतजमिनीवर. हा आकडा नावांच्या यादीतून कधीच निघाला नसता. तो काम मोजल्यामुळे निघाला.

आपल्या भिंती

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्याकडे एक दृष्टिक्षेप टाकू. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यात कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. मस्टर मोठ्याने वाचून दाखविले, आणि न झालेल्या कामांवर मृतांची नि परगावी गेलेल्यांची नावे आहेत हे गावानेच सांगितले. या चळवळीतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण याचा तपशील खात्याने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करावा. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक लेखापरीक्षणाची, म्हणजे गावाने काम पाहून हिशेब तपासण्याची, तरतूद झाली.

आपल्या राज्यातही डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. बांधबंदिस्ती, नाला खोलीकरण, शेततळी यांवर हजारो कोटी खर्च झाले. २०२० साली महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला की भूजल वाढविण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष सर्वांना मान्य होता असे नाही. पण वाद करावयास मोजमाप तरी पुढे आले.

आता एक सावधानतेचा शब्द. माहिती अधिकार कायद्यात खासगी माहिती नाकारण्याचे कलम होते. पण तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध असेल तर ती देण्यास ते आड येत नसे. २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षणाच्या कायद्याने त्या कलमातील ही वाक्ये काढून टाकली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अमलात आला. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याचे दुसरे पोटकलम शिल्लक आहे, आणि चौथे कलमही शाबूत आहे. पण नाकारावयास आता एक शब्द पुरेल: 'वैयक्तिक'. अमेरिकेच्या उदाहरणावरून तो शब्द किती दूरवर ताणता येतो ते आपण पाहिले. तेथे शेतातील शेणाचा हौदसुद्धा वैयक्तिक ठरला.

आणखी एक विषमता मला नेहमी सलते. रोज चार पैसे मिळविणाऱ्या मजुराचे नाव, हजेरी, मजुरी, सारे चावडीवर लागते. आणि ते लागलेच पाहिजे, कारण त्यातूनच त्याचे संरक्षण होते. मग लाखांनी अनुदान घेणाऱ्याच्याच वेळी घराण्याची अब्रू आणि व्यवसायाचे गुपित कोठून उपस्थित होते? झाकण घालावयाचेच असेल तर ते लहानावर घालावे आणि मोठ्यावरचे काढावे. युरोपने तेच केले.

चार रकाने

माझी मागणी मोठी नाही; ती चार रकान्यांची आहे. कोणाला दिले, आणि कंपनी किंवा भागीदारी असेल तर तिच्यामागची माणसे कोण; किती दिले; कोणत्या गावात, कोणत्या ओढ्यावर, कोणत्या कामासाठी; आणि ते काम कोणी, केव्हा मोजून पाहिले व कसे आढळले. विहिरीची नेमकी जागा, पिकाचे उत्पन्न, घरची स्थिती यांतील काहीही लिहू नये. लहान रकमेच्या बाबतीत नाव गाळले तरी चालेल. काम आणि मोजमाप गाळू नये. जेथे मजूर किंवा वाटेकरी राबतो, तेथे त्याच्या वाट्याचे काय झाले हेही त्याच ओळीत लिहावे. नाही तर आर्कान्सातील कुळांची कहाणी पुन्हा घडेल आणि तिचा अहवालही पुन्हा गहाळ होईल.

असा हिशेब उघडा राहिल्याने अनुदान बंद पडेल, असे भय प्रामाणिक शेतकऱ्याने बाळगू नये. ज्याने गवताची पट्टी खरोखर राखली आहे त्याला तिच्याकडे बोट दाखविता आले पाहिजे. आज त्याचे नाव आणि रक्कम तेवढी दिसते, आणि पाहणारा म्हणतो, याने काही न करता पैसे खाल्ले. काम दिसत नसल्यामुळे करणारा आणि न करणारा एकाच यादीत, एकाच संशयाखाली उभे राहतात. मोजमाप वही बंद ठेवण्याची खरी किंमत तोच देतो.

शहरातील श्रोत्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपले पाणी ज्या डोंगरांतून आणि शेतांतून येते, तेथल्या मातीवर आपलाही पैसा लागतो. चौथ्या कलमाप्रमाणे लाभार्थ्यांची यादी खात्याने स्वतःहून लावावयाची असते. ती लागली आहे काय, आणि तिच्यात कामाचा रकाना आहे काय, एवढे पाहण्यासाठी अर्ज लागत नाही की वकील लागत नाही. खात्याच्या कचेरीपर्यंत चालत जावे लागते.